आयर्लंडच्या खेड्यांतील दुष्काळाच्या आठवणी आणि बटाट्यावरील करपा

(बटाटा व टोमॅटो उत्पादकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उशिरा येणाऱ्या करप्यावर बोलण्यासाठी मला येथे बोलावले आहे. फवारणीचे वेळापत्रक आपल्या हातातील घडीपत्रिकेत छापलेले आहे, ते मी वाचून दाखवीत नाही. ज्या देशात या रोगाने सर्वांत मोठा कहर केला, त्या आयर्लंडमधील खेडुतांनी त्याच्या काय आठवणी जपून ठेवल्या, हे आज सांगावयाचे आहे. मी आयर्लंडला गेलेलो नाही. मी सांगतो ते तेथे गोळा करून ठेवलेल्या आठवणींवरून आणि त्यांवर अभ्यासकांनी लिहिलेल्या पुस्तकांवरून.

या आठवणी कशा जमल्या हे आधी पाहू, कारण ते काम आपणही शिकण्यासारखे आहे. आयर्लंडच्या सरकारने १९३५ मध्ये लोकपरंपरा जमविण्यासाठी एक आयोग नेमला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गाच्या मुलांना वह्या देण्यात आल्या. घरातील आणि शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि ते सांगतील तसे लिहून आणा, असे सांगितले गेले. सुमारे ५०,००० मुलांनी हे काम केले. पुढे १९४५ मध्ये, दुष्काळाला शंभर वर्षे झाली तेव्हा, केवळ दुष्काळासंबंधीची एक प्रश्नावली गावोगाव पाठविण्यात आली. उत्तरे देणारे बहुतेक जण सत्तरी-ऐंशीचे होते. त्यांनी दुष्काळ स्वतः पाहिला नव्हता. आईबापांकडून, आजीआजोबांकडून ऐकला होता. हे सर्व कागद आज डब्लिनच्या विद्यापीठात आहेत.

आता थोडे पिकाविषयी. १८४५ पूर्वी आयर्लंडमध्ये सुमारे ३० लाख माणसे जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होती. जमीन मोठ्या जमीनदारांची, खंड भरावयाचा तो ओट विकून आणि डुक्कर विकून, आणि घरच्यांनी खावयाचा तो बटाटा. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे, सोबत मिळाले तर ताक. ऐकून नवल वाटेल, पण या साध्या आहारावर माणसे धडधाकट असत. एक एकर बटाट्यावर पाच-सहा माणसांचे कुटुंब वर्षाचा बराच काळ निघत असे. इतके अन्न त्या निकस, ओल्या जमिनीतून दुसरे कोणतेच पीक देत नव्हते. तेव्हा बटाट्याच्या मागे लागून त्या शेतकऱ्याने वेडेपणा केला असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. दहा-वीस गुंठ्यांच्या माणसाने दुसरे काय लावावयाचे होते?

त्यातही गरिबांच्या वावरात मुख्यतः एकच वाण होते, 'लंपर' नावाचे. चवीला पाणचट, पण हलक्या जमिनीत आणि थोड्या खतावर भरपूर पिकणारे. बटाटा आपण बियांपासून घेत नाही, बेण्यापासून घेतो. म्हणजे एका वावरातील लंपर आणि शेजारच्या जिल्ह्यातील लंपर हे अंगाने एकच झाड. एका झाडाला जो रोग मारील तो सर्वांना मारील.

लागवडीची पद्धत मात्र वाखाणण्यासारखी होती. गवताच्या पट्ट्यावर शेणखत किंवा समुद्रकाठचे शेवाळ पसरायचे, त्यावर बेणे ठेवायचे आणि दोन्ही बाजूंची ढेकळे हातफावड्याने उलटवून त्यावर टाकायची. आपल्या भाषेत हा गादीवाफाच. इंग्रजांनी याला 'आळशी वाफा' असे नाव दिले. ज्याने हे नाव दिले त्याने फावडे कधी हातात धरले नसावे. पाणी साचणाऱ्या डोंगरउतारावर निचऱ्यासाठी याहून बरी पद्धत हाताने करता येणार नाही. मेयो जिल्ह्यात, अकिल बेटावरील स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी, एका ओस पडलेल्या गावाची ८० ते १०० दगडी घरे ओळीने उभी आहेत आणि भोवती त्या वाफ्यांचे उंचवटे अजून गवताखाली दिसतात. पाहणारा प्रत्येक जण हे सारे दुष्काळानेच ओस पडले असे समजतो. तसे पूर्ण खरे नाही. ते गाव हळूहळू उठले आणि उन्हाळ्यात गुरे चारायला जाणाऱ्यांनी त्यातील घरे विसाव्या शतकातही वापरली.

आता आठवणींकडे येऊ. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातील म्हाताऱ्यांनी रोगाच्या आगमनाचे वर्णन सारखेच केले आहे. संध्याकाळी वावर हिरवेगार होते. रात्री किंवा पहाटे धुके उतरले. सकाळी पाला काळा पडला होता आणि सगळ्या शिवारात कुजका वास सुटला होता. काढून ठेवलेले चांगले बटाटेसुद्धा साठवणीच्या खड्ड्यात सडून गेले. शंभर वर्षांनंतर, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले हे वर्णन आहे. तरी त्यातील धुके, काळा पाला, वास आणि साठवणीतील सड या चारही गोष्टी वनस्पतिरोगशास्त्राच्या पुस्तकाशी जुळतात. आपल्यापैकी ज्यांनी ढगाळ हवेत करप्याने बसलेला टोमॅटोचा प्लॉट पाहिला आहे, त्यांना तो वास वेगळा सांगायला नको.

कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते. अनेकांनी सांगितले की, आधीच्या वर्षांत बटाटे इतके पिकले की लोकांनी ते चरात टाकले, खत म्हणून पसरले. त्या माजाची ही देवाने दिलेली शिक्षा. यावर हसण्याचे कारण नाही, कारण शास्त्रज्ञांनाही तेव्हा कारण सापडले नव्हते. १८४५ च्या शरद ऋतूत सरकारने नामवंत शास्त्रज्ञांची समिती नेमली. पावसाळी हवेने बटाटा पाण्याने फुगला व सडला, असे त्यांचे मत पडले. त्यांनी पत्रके छापून शेतकऱ्यांना सल्ला दिला की बटाटे वाळवा, हवेशीर खड्ड्यात ठेवा, सडलेले किसून त्यातील सत्त्व काढा. त्याचा काही उपयोग झाला नाही. विस्तारकार्य करणाऱ्या आम्हा मंडळींनी ही हकीकत अधूनमधून वाचावी असे मला वाटते. बर्कली नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने १८४६ मध्ये पानावरील पांढरी बुरशी हेच मूळ कारण आहे असे मांडले, पण बहुतेकांनी ते मानले नाही. पुढे जर्मनीत डी बारी यांनी ते सिद्ध केले. आज आपण त्या रोगकारकाला फायटोप्थोरा इन्फेस्टन्स म्हणतो.

आता ज्या आठवणीसाठी मी हा विषय घेतला ती सांगतो. ती बेण्याची आहे.

आयर्लंडमध्ये १८४७ या वर्षाला 'काळे सत्तेचाळीस' म्हणतात. सर्वांत भीषण साल तेच. पण आकडे पाहिले तर त्या साली करपा फारसा आलाच नव्हता! एकरी उत्पन्न चांगले निघाले. मग उपासमार कशाची? १८४५ मध्ये तिसरा हिस्सा पीक गेले होते, १८४६ मध्ये जवळजवळ सगळेच गेले. त्या हिवाळ्यात लोकांनी बेणे खाल्ले. १८४५ मध्ये सुमारे २१ लाख एकर बटाटा होता. १८४७ मध्ये २ लाख ८४ हजार एकरच लागला. रोग नव्हता, पाऊस बरा होता, जमीन होती, पण वाफ्यात ठेवायला बेणे नव्हते.

हे कोष्टक अभ्यासकांनी पुढे मांडले. खेड्यातील म्हाताऱ्यांना कोष्टक माहीत नव्हते, पण गोष्ट माहीत होती. बटाट्याचे डोळे तेवढे कोरून काढायचे, उरलेला गर शिजवून खायचा आणि ते डोळे लावायचे, असे आमच्या आजीने केले, हे कितीतरी जणांनी सांगितले आहे. काहींनी नुसत्या साली लावल्या. काही ठिकाणी लावलेले बेणे भुकेली माणसे रात्री उकरून नेत, म्हणून वावरावर राखण बसे. ज्या घरात डोळे जगले त्या घराला १८४७ मध्ये थोडे तरी पीक मिळाले. बाईने पोरांच्या तोंडचा घास काढून बेणे ठेवले की ठेवले नाही, यावर पुढचे साल ठरत होते. त्यावर मी काही बोलू शकत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजीने दुष्काळात बियाण्याची कणगी राखली असेल, त्यांना ते कळेल.

१८४८ मध्ये लोकांनी उसनेपासने करून, होते नव्हते ते विकून आठ लाख एकरांच्या आसपास लागवड केली. आणि त्या साली करपा पुन्हा जोरात आला.

काय खाल्ले याच्याही आठवणी आहेत: सलगम, रानमोहरीचा पाला, अंगाला खाजणाऱ्या चावऱ्या झुडपाची कोवळी पाने, समुद्रकाठी शेवाळ आणि खडकाला चिकटलेले शिंपले. गाईच्या मानेची शीर किंचित कापून रक्त काढायचे आणि ते थोड्या पिठात शिजवायचे, हेही अनेकांनी सांगितले आहे. सरकारने अमेरिकेतून मका मागविला. दगडासारखा टणक, नीट न दळलेला, आणि शिजवायचा कसा हे कोणालाच ठाऊक नाही. त्याने पोटे बिघडली. मक्याच्या त्या पिवळ्या पिठाचा राग पुढच्या दोन पिढ्यांच्या बोलण्यात उतरला आहे. नवे धान्य वाटताना ते शिजवावे कसे हेही सांगावे लागते, ही साधी गोष्ट तेव्हा राहून गेली.

आता एका गावाची हकीकत. मेयो जिल्ह्यात समुद्राजवळ लुइसबर्ग नावाचे लहान गाव आहे. १८४९ च्या मार्च अखेरीस तेथे शेकडो भुकेली माणसे मदतीसाठी जमली होती. तपासणी करणारे अधिकारी आले होते. त्यांच्यापुढे हजेरी लागली तरच यादीत नाव राहणार होते. पण अधिकारी मुक्कामाला डेल्फी येथील बंगल्यावर गेले आणि लोकांना तेथे सकाळी हजर राहण्यास सांगण्यात आले. अंतर सुमारे १९ किलोमीटर. वाट डोंगरातून, डूलॉख नावाच्या तळ्याकाठून. या नावाचा अर्थ काळे तळे. थंडी-वाऱ्यात माणसे रात्रीतून चालत गेली. अधिकारी जेवत होते, म्हणून लोकांना थांबविले आणि शेवटी काही न देता परत पाठविले, असे गावात सांगतात. परतीच्या वाटेवर माणसे पडली.

किती? त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेयोच्या एका वर्तमानपत्रात करदाता या सहीने पत्र छापून आले. त्यात रस्त्याच्या कडेला सात प्रेते सापडल्याचे आणि आणखी काही जण घरी पोचलेच नसल्याचे लिहिले होते. गावाच्या तोंडी परंपरेत हा आकडा शेकड्यांत गेला. चारशे सांगणारेही आहेत. माझ्या मते पत्रातील आकडा खऱ्याच्या अधिक जवळचा असावा. पण गावकरी खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. १८४१ मध्ये मेयो जिल्ह्याची लोकसंख्या ३ लाख ८८ हजार ८८७ होती, ती १८५१ मध्ये २ लाख ७४ हजार ४९९ झाली. एक लाखाहून अधिक माणसे दहा वर्षांत मरून तरी गेली किंवा परदेशी तरी गेली. त्यांतील बहुतेकांचे नाव कोणत्याही रस्त्याशी जोडलेले नाही. मला वाटते गावाने ती सगळी माणसे त्या एका वाटेवर आणून ठेवली.

१९८८ पासून त्या वाटेवर दरवर्षी स्मरणयात्रा निघू लागली. तळ्याकाठच्या स्मारकाच्या दगडावर महात्मा गांधींचे एक वचन कोरलेले आहे. आपल्या देशाचा आणखी एक धागा सांगतो: आयर्लंडसाठी परदेशातून आलेल्या पहिल्या मोठ्या देणग्यांपैकी एक कलकत्त्याहून गेली होती, सुमारे १४,००० पौंडांची. तेथे नोकरीस असलेल्या आयरिश सैनिकांनी आणि कंपनी सरकारच्या नोकरांनी ती उभारली होती.

आठवणी कोठे गप्प बसतात तेही पाहिले पाहिजे. १९४५ च्या प्रश्नावलीला अनेकांचे उत्तर असे आले की, आमच्या गावात फारसे कोणी मेले नाही, पलीकडच्या गावात मात्र हाल झाले. पलीकडच्या गावचे लोकही तेच सांगत! उपासाने मरण्याची लाज इतकी होती. आणि दुसरी गप्पांमागची गोष्ट म्हणजे जमीन. १८४७ मध्ये कायदा झाला की, ज्याच्याकडे पाव एकराहून, म्हणजे आपल्या हिशेबाने १० गुंठ्यांहून, अधिक जमीन असेल त्याला सरकारी मदत मिळणार नाही. भाकरी हवी तर जमीन सोडा. लोकांनी जमीन सोडली, जमीनदारांनी घरे पाडली. त्या मोकळ्या झालेल्या जमिनी कोणी घेतल्या? काही जमीनदाराने मेंढ्यांसाठी ठेवल्या, पण काही शेजाऱ्यानेच घेतल्या. ज्यांनी सांगितले ते मागे राहिलेल्यांचे, म्हणजे टिकून गेलेल्यांचे वंशज होते. म्हणून या बाबतीत जमीनदाराचे नाव स्पष्ट येते आणि शेजाऱ्याचे नाव दबक्या आवाजात येते, किंवा येतच नाही. धान्याने भरलेल्या गाड्या पहाऱ्यात बंदरावर जात होत्या, ही आठवण सर्वत्र आहे आणि ती खरी आहे. मात्र १८४७ मध्ये देशात बाहेरून आलेले धान्य बाहेर गेलेल्यापेक्षा जास्त होते, हेही खरे आहे. उपाशी माणसाच्या हाती विकत घ्यायला पैसा नव्हता, मग धान्य आत आले काय आणि बाहेर गेले काय.

एक गोड गोष्टही जागोजाग सापडते. घरात शेवटची मूठ पीठ उरलेले, दारात भिकारी आला, बाईने ते त्याला दिले, आणि संध्याकाळी पाहते तो पेटी पिठाने भरलेली. द्रौपदीच्या थाळीची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला ती लगेच ओळखीची वाटेल.

या आठवणींचा व्यवहारात परिणाम झाला का? झाला. १८७९ मध्ये पश्चिम आयर्लंडात पावसाने बटाटा पुन्हा बुडाला. दुष्काळ पाहिलेली पिढी तेव्हा हयात होती. त्या वेळी मेयोतील कुळांनी उपाशी राहून खंड भरायचे नाकारले. एप्रिलमध्ये आयरिशटाऊन येथे मोठी सभा झाली, ऑक्टोबरमध्ये कॅसलबार येथे कुळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे एक प्रमुख पुढारी मायकेल डॅव्हिट १८४६ मध्ये मेयोतच जन्मले होते आणि ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब जमिनीवरून हुसकले गेले होते. पुढच्याच वर्षी त्याच जिल्ह्यात बॉयकॉट नावाच्या एका जमीन-व्यवस्थापकावर कुळांनी बहिष्कार टाकला. बहिष्काराला इंग्रजीत जो शब्द आहे तो त्या माणसाच्या नावावरून आला. पुढे टप्प्याटप्प्याने कायदे होऊन जमिनी कुळांच्या मालकीच्या झाल्या.

रोगाचे औषध १८८५ मध्ये फ्रान्समध्ये सापडले, तेही द्राक्षाच्या केवड्यावर काम करताना: मोरचूद आणि चुना, आपले बोर्डो मिश्रण. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी, हे प्रमाण आपल्याला पाठ आहेच. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी मोरचुदाची फवारणी १८९० नंतर उचलली.

आपल्याकडे सातगाव पठारावर आणि खेड-आंबेगावच्या पट्ट्यात खरिपाचा बटाटा घेतात, बेणे पंजाबातून येते. 'कुफ्री ज्योती' हे वाण १९६८ मध्ये आले तेव्हा करप्याला चांगले दाद न देणारे होते; पुढे रोगकारक बदलला आणि तो गुण ओसरला. म्हणून वाणावर विसंबून राहू नका. बेणे कापताना आतून तपकिरी दिसणारा कंद बाजूला काढा. मागच्या हंगामात जमिनीत राहून आपोआप उगवलेली झाडे उपटा, टाकाऊ बटाट्यांचा ढीग बांधावर ठेवू नका, आणि भर चांगली लावा, कारण पानावरचे बीजाणू पावसाने धुपून उथळ कंदांवर जातात. टोमॅटो आणि बटाट्याचा करपा एकच आहे. तेव्हा शेजारच्याचा टोमॅटो बसला तर आपल्या बटाट्याकडे त्याच दिवशी पाहा, पाने उलटून पाहा. फवारणी रोग दिसण्याआधी हवी. पाला काळा झाल्यावर पंप काढून उपयोग नाही.

आधी म्हणजे केव्हा, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर आयर्लंडनेच दिले. तेथील हवामान खात्यात ऑस्टिन बर्क नावाचे शास्त्रज्ञ होते. दुष्काळातील बटाट्याच्या क्षेत्राचे जे आकडे मी वर दिले त्यांच्यामागेही त्यांचाच अभ्यास आहे. जुन्या सालांची हवा आणि करपा यांचा मेळ घालून त्यांनी एक नियम बसविला: सलग १२ तास तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले नाही आणि हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या खाली उतरली नाही, तर करपा येण्यास योग्य हवा झाली असे समजावे. १९५० च्या दशकापासून त्या नियमाच्या आधारे तेथे करप्याचा इशारा दिला जाऊ लागला. म्हाताऱ्यांच्या आठवणीत जे धुके होते, ते आता तासांत आणि टक्क्यांत मोजले जाते. आपल्या खरिपात पठारावर रिमझिम लागली की अशी हवा बारा तास काय, चार-चार दिवस राहते. भिंतीवर टांगायचा साधा ओल्या-कोरड्या फुग्याचा तापमापक पुष्कळांना परवडेल. तो कसा वाचावा हे जेवणानंतर बाहेरच्या टेबलावर दाखविले जाईल. ज्यांच्या प्लॉटवर सध्या ठिपके दिसत आहेत त्यांनी पानांचे नमुने कागदात गुंडाळून सोबत आणावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत.